बाख, बाबा आणि खालचा आवाज

गेल्या दोन शनिवारी इथे काही लिहिलं नाही. पहिल्या शनिवारी रिलीज होती आणि दुसऱ्या शनिवारी त्या रिलीजचे परिणाम होते. आज फोन शांत आहे, डॅशबोर्डवर लाल काही दिसत नाही, चहा झालाय, म्हणून बसलोय. विषय गाण्याचा आहे, पण सुरुवात कानाच्या मशीनपासून करावी लागेल. जरा धीर धरा.

बाबांना कमी ऐकू येतं हे आम्हाला कळायला निदान तीन वर्षं उशीर झाला. त्यांच्या मते दोष लोकांचा होता. "हल्ली सगळे पुटपुटतात. तोंड उघडून बोलायला काय होतं?" टीव्हीचा आवाज वाढत गेला, आई स्वयंपाकघरातून ओरडून बोलायला लागली आणि मग "ओरडतेस कशाला?" म्हणून भांडणं. शेवटी एकदाची तपासणी झाली. त्यात ऑडिओग्राम नावाचा आलेख काढतात. डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८०००. बाबांची रेघ हजारापर्यंत बऱ्यापैकी आडवी आणि त्यापुढे बागेतल्या घसरगुंडीसारखी. वयानुसार बहुतेकांचं असंच होतं म्हणे, वरच्या पट्ट्या आधी जातात. मराठीत सांगायचं तर आ, ओ, ऊ नीट ऐकू येतात आणि स, श, फ, त वाटेत गळून पडतात. पास, फास, तास सगळे सारखेच. म्हणजे समोरचा बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते जुळवावं लागतं. दिवसभर हे असं जुळवत बसायचं म्हणजे काय, ते मला फार नंतर कळलं. ऑनसाइटला असताना पहिले दोन महिने जर्मन मीटिंगांमधून संध्याकाळी घरी आलो की माझं डोकं जसं व्हायचं, तसं त्यांचं रोज दुपारपर्यंत होत असणार.

तर मशीन आलं. दोन्ही कानांना, बरंच महाग. बोलणं सुधारलं. आईचा आवाज एक पायरी खाली आला. नातीचं बोबडं बोलणं त्यांना समजायला लागलं. आम्ही खूश.

गाणं मात्र गेलं.

हे नीट सांगायचं तर बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचं बालपण मिरजेचं. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, आणि शाळेतून घरी येताना कुठल्या ना कुठल्या दुकानात तानपुरा जुळवणं चालू असायचंच, असं ते सांगतात. अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणाऱ्या पिढीतले. स्वतः गात नाहीत. तबला थोडा शिकले होते, बँकेच्या नोकरीत बदल्या सुरू झाल्यावर सुटला. पण ऐकणं कधी सुटलं नाही. पुण्याला आल्यापासून दर डिसेंबरात सवाई, तेही भारतीय बैठकीत, सतरंजी आणि थर्मास घेऊन. मला त्यांनी पाच वर्षं गाणं शिकायला पाठवलं. दहावीचं वर्ष आलं तेव्हा मी सोडलं. "बघ, तुझं तू ठरव" एवढंच म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि मीही नाही.

मशीन लावून त्यांनी पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा मी घरीच होतो. मिनिटभरात बंद केली. "तानपुरा हलतोय," म्हणाले. मला वाटलं, स्पीकर बिघडला. स्पीकर ठणठणीत होता. मग नेहमीच्या सवयीने रात्री वाचत बसलो. ही यंत्रं मुख्यतः बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. हळू आवाज मोठा करायचा, मोठा आवाज दाबायचा, सगळं मधल्या पट्ट्यात आणून ठेवायचं. बोलण्यासाठी हे उत्तम. ख्यालासाठी मात्र म्हणजे गायकाने श्वास रोखून सोडलेला मंद्र आणि छातीवर हात ठेवून लावलेला तार षड्ज, दोन्ही एकाच उंचीचे. शिवाय मशीनची स्वतःची शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक सोय असते. लांब, स्थिर, एकाच कंपनाचा आवाज आला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि ते त्या आवाजाला मारायला धावतं. आता लांब, स्थिर, एकाच कंपनाचा आवाज म्हणजे काय हो? अख्खा तानपुरा! आमच्या भाषेत याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. शेकडो वर्षांच्या वाद्यपरंपरेला यंत्राने बग ठरवलं होतं.

मी हे सगळं बाबांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले.

गेल्या डिसेंबरात मी दोघांसाठी सवाईचे पास काढले. आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं, सर्दी आहे, तू जाऊन ये. मला त्यांची एकही शिंक आठवत नाही. मी गेलो, दोन गाणी ऐकली आणि परत आलो.

आता दुसरा धागा.

काम करताना मला शब्द असलेली गाणी चालत नाहीत. कोड वाचायला लागलो की डोक्यातला वाचणारा एकच माणूस असतो, त्याला गीतकाराने पळवून नेलं की संपलं. म्हणून बरीच वर्षं माझ्याकडे बिनशब्दांच्या गाण्यांचा साठा आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त वाजलेली गोष्ट म्हणजे स्विंगल सिंगर्स. आठ माणसं. दोन सोप्रानो, दोन आल्टो, दोन टेनर, दोन बेस. मागे एक डबल बेस आणि हळूच घासलेले ड्रम. आणि ही आठ माणसं गातात काय, तर बाख. शब्द नाहीत. द, ब, ड, लु, असली अक्षरं.

नाव ऐकून वाटतं की स्विंग या शब्दावरून ठेवलं असेल. पण नाही, ते चक्क आडनाव आहे. वॉर्ड स्विंगल, जन्म १९२७, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मोबील नावाच्या गावात. (स्पेलिंग आपल्या मोबाइलचंच. त्या गावात काम करणाऱ्या अ‍ॅप डेव्हलपरची मला दया येते.) फ्रान्समध्ये जाऊन गीझेकिंगसारख्या पियानोवादकाकडे शिकला आणि मग पॅरिसमध्ये गायक म्हणून पोट भरायला लागला. ल दूब्ल सिस नावाच्या गटात होता तो. सहा जण जॅझमधल्या ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या सोलोंवर फ्रेंच शब्द बसवून गायचे आणि रेकॉर्डिंगमध्ये स्वतःवरच दुसरा थर चढवून सहाचे बारा व्हायचे, म्हणून ते नाव. त्या गटातले काही आणि आणखी काही असे मिळून १९६२ मध्ये आठ जण जमले. हे सगळे स्टुडिओतले धंदेवाईक गायक. कुणा मोठ्या गायकाच्या मागे उभं राहून ऊ-ऊ आणि आ-आ करायचं, पैसे घ्यायचे, घरी जायचं. ऊ-ऊ करून कंटाळा आला, तेव्हा स्वरलेखन वाचायचा सराव म्हणून त्यांनी बाखची पियानोवर वाजवतात ती पुस्तकं उघडली आणि गायला घेतली. आणि गाता गाता लक्षात आलं की ते आपोआप झुलतंय.

मला ही गोष्ट फार आवडते. आमच्याकडे बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच कंटाळलेल्या लोकांनी शुक्रवारी दुपारी केलेल्या असतात.

१९६३ साली पहिली रेकॉर्ड आली, 'जाझ सेबास्तियां बाख'. योहान सेबास्टियन या नावाच्या जागी जाझ सेबास्तियां, फ्रेंच लोकांचा विनोद. अमेरिकेत तीच 'बाख्स ग्रेटेस्ट हिट्स' म्हणून विकली. १९६४ च्या ग्रॅमी समारंभात त्यांना उत्कृष्ट नवोदित कलाकाराचं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी तेच बक्षीस बीटल्सना मिळालं. लिव्हरपूलच्या चार पोरांआधी एक वर्ष बाख नवोदित होता!

या रेकॉर्डची गंमत अशी की त्यांनी बाखचे स्वर जवळजवळ बदललेलेच नाहीत. जे लिहिलंय ते, त्याच क्रमाने. फक्त बोटांनी वाजवायचं ते गळ्याने गायचं आणि खाली डबल बेसने चालायचं. जॅझवाले म्हणाले, यात जॅझ कुठे आहे, कोणी काही सुचून तर गातच नाहीये. शास्त्रीयवाले म्हणाले, ड्रम कशाला? दोघांचंही थोडं खरं आहे. मलाही सलग सगळे तुकडे ऐकवत नाहीत, सहाव्यानंतर ते ब्रशने घासलेले ड्रम साखर जास्त झालेल्या शिऱ्यासारखे वाटायला लागतात. आणि पुढे त्यांनी मोझार्ट घेतला, आणखी कोणकोण घेतले, त्यात मला ती मजा येत नाही. बाखमध्ये प्रत्येक आवाजाला स्वतःचं काम असतं, कोणी नुसतं मागे उभं राहून ऊ-ऊ करत नाही. ऊ-ऊला कंटाळलेल्या आठ जणांना नेमका तोच भेटला हे बरं झालं.

आणखी एक गोष्ट. ही माणसं ऑपेरावाल्यांसारखी सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकत नाहीत. माइकच्या अगदी जवळ उभं राहून, जवळजवळ कुजबुजल्यासारखं, आवाज न थरथरवता गातात. क्रिस्तियान लग्रां म्हणून त्यांची एक सोप्रानो होती, संगीतकार मिशेल लग्रांची बहीण, तिचा आवाज ऐकून बघा. सुईने शिवल्यासारखा. माइक नसता तर हे गाणंच शक्य नव्हतं. म्हणजे तंत्रज्ञान एका बाजूने तानपुऱ्याला मारतं आणि दुसऱ्या बाजूने हे देतं. असो.

तर मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी हॉलमध्ये हेडफोन लावून बसलो होतो. बाबा झोपून उठले होते, मशीन अजून डबीतच होतं. ते समोर बसले आणि खुणेने विचारलं, काय? मीही खुणेने म्हटलं, गाणं. आणि का कोण जाणे, हेडफोन काढून त्यांच्या कानावर ठेवला. मोठा, कान झाकणारा, वायरवाला आहे माझा. आवाज थोडाच वाढवला.

वाजत होता तो बाखचा 'एअर', तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधला. तुम्ही ऐकलाय, नाव माहीत नसेल तरी ऐकलाय. वर एक लांबच लांब सूर आणि खाली बेस एकेक पायरी उतरतो. सा, नि, ध, प. प्रत्येक स्वर दोन सप्तकांत, एकदा खाली एकदा वर, असे पाय टाकत. बाबांचा चेहरा मी बघत होतो. काही झालं नाही. पण मग त्यांच्या मांडीवरचा उजवा हात हलायला लागला. तबल्याचा नाही, नुसता ताल. अर्ध्या मिनिटाने म्हणाले, आणि हेडफोन असल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाले, "खाली कोण चाललंय? चांगलं चाललंय."

खाली पिअर मिशेलो चालला होता, पॅरिसचा डबल बेसवाला. त्याचं सगळं काम घसरगुंडीच्या अलीकडे. तो बाबांना लख्ख ऐकू येत होता. दोन्ही बेस गायकही येत होते. सोप्रानो येत होत्या, पण "कापसात गुंडाळल्यासारख्या", त्यांचाच शब्द.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून विचारलं, "ते तुझे द-बा-द-बावाले आहेत का?"

मग आमची शिकवणीच सुरू झाली. फक्त यावेळी मी मास्तर होतो, आणि फार वाईट मास्तर. पहिल्याच दिवशी मी त्यांना चार आवाजी फ्यूग ऐकवला. बाबांनी हेडफोन काढला. "सगळे एकदम का बोलतायत? एकाचं होऊ दे की आधी." आता याला काय उत्तर द्यायचं? जन्मभर ज्याने एक गळा आणि त्याच्यामागे तानपुरा ऐकलाय, त्याला चार जण एकाच वेळी वेगवेगळं गातात म्हणजे मंडईच. त्यांचं चुकत नव्हतं. मलाही ते ऐकायला शिकायला काही वर्षं लागली, आणि मी ते शिकलो ते लॉग वाचायला शिकलो तसंच. चार थ्रेडचं एकत्र वाचायचं नाही, एकाचा धागा धरायचा, शेवटपर्यंत जायचं, मग पहिल्यापासून दुसऱ्याचा.

म्हणून मग सोपा तुकडा काढला. त्याच रेकॉर्डवर बाखचं दोन आवाजांचं एक इन्व्हेन्शन आहे, सी मेजरमधलं. बाखने ही इन्व्हेन्शन्स विद्यार्थ्यांसाठी लिहिली. त्याची सुरुवात सरगमात सांगतो: सा रे ग म रे ग सा प. वरचा आवाज हे म्हणतो आणि तो पुढे सरकतो तोच खालचा आवाज एक सप्तक खाली तेच म्हणतो, सा रे ग म रे ग सा प. मग वरचा तेच पंचमावरून घेतो आणि खालचाही त्याच्या मागून पंचमावर जातो.

बाबा ताठ बसले. "अरे, हा पलटा आहे!"

पलटाच आहे. माझ्या गुरुजींनी असले पलटे माझ्याकडून हजारदा घोटून घेतले होते. फक्त आमच्याकडे मास्तर म्हणतो, मग विद्यार्थी म्हणतो, आणि विद्यार्थी म्हणताना मास्तर गप्प बसतो. बाखचा मास्तर गप्प बसत नाही, पुढचं सुरू करतो. हे बाबांना एकदम पटलं. "म्हणजे मागचा शिष्य पाठ म्हणतोय आणि हा पुढचा धडा घेतोय. तुमच्या गुरुजींकडे होता तो एक पोरगा, तू नाही, दुसरा, तो असाच करायचा." मग त्यांनी तो तुकडा चार वेळा ऐकला. दीड-एक मिनिटाचा तर आहे. मी वरच्याबरोबर जायचो, बाबा खालच्याबरोबर. त्यांचं बोट माझ्या बोटाच्या अर्धी पट्टी मागून. आई दारात येऊन बघून गेली.

तेव्हा मला एक गोष्ट लागली, जी ऑडिओग्राम वाचून लागायला हवी होती. या गाण्यात शब्द नाहीत. द आहे की ब आहे याने काही फरक पडत नाही. चुकीचं ऐकू आलं असं होऊच शकत नाही. दिवसभर माणसांचे तुटके शब्द सांधत बसणाऱ्या माणसाला ही केवढी सुट्टी आहे! मी हे बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "तराणा मग काय असतो? दिर दिर तोम ऐकताना मी कधी अर्थ विचारलाय?" बरोबर. आणि मग, टाळ्या द्यायच्या थांबून, हेडफोन मांडीवर घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सवाईला मला सर्दी नव्हती."

मी म्हटलं, "माहितीये."

"तो तानपुरा असा ऐकायचा त्यापेक्षा आठवलेला बरा."

मी काही बोललो नाही. मला त्यांना कंपनं आणि फिल्टर समजावून सांगितल्याची ती रात्र आठवत होती. बिघाड कसा होतो ते मी अगदी मुद्देसूद सांगितलं होतं. तुम्हाला कसं वाटतंय हे विचारलं नव्हतं. आमच्या टीममध्ये नवीन पोरं असं करतात तेव्हा मी त्यांना झापतो.

शिकवणी चालू राहिली. काही प्रयोग फसले. १९६४ च्या 'गोइंग बरोक'मधली बादिनेरी लावली, दुसऱ्या स्वीटमधला बासरीचा तो भरधाव तुकडा. मला वाटलं, आता यांना वेग दाखवू. बाबा दोन सेकंदांत म्हणाले, "ही माझ्या जुन्या फोनची रिंगटोन." नोकियाचा तो विटेसारखा फोन आठवतोय ना? त्यात होती ती. बाबांना बाख पाठ होता, त्यांना माहीत नव्हतं एवढंच :) पण पुढचा अर्धा तास ते त्या फोनची बॅटरी किती दिवस चालायची यावरच बोलले.

मॉडर्न जॅझ क्वार्टेटबरोबरची १९६६ ची 'प्लास व्हाँदोम' मात्र चालली. त्यात तोच 'एअर' आहे, पण इथे गळ्यांबरोबर मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोन आहे, आणि हा गृहस्थ खरोखर सुचून वाजवतो. इथे बाबांनी मला जॅझवाल्यांचाच प्रश्न विचारला: "हा एकटा मनाचं वाजवतोय, बाकीचे पाठ केलेलं. मग याला बंदिश म्हणायची की उपज?" मी म्हटलं, बंदिश बाखची, उपज याची. "मग ते आठ जण नुसतीच बंदिश म्हणत होते इतके दिवस." हो. "चांगली म्हणतात. पण मग हा आल्यावर कळतं काय राहिलं होतं ते." एवढं नेमकं मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि एक अगदीच फसलेला प्रयोग. लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराने याच आठ जणांसाठी 'सिन्फोनिया' लिहिली. १९६८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर तिचा पहिला प्रयोग झाला. ती काही झुलणारी, गोड नाही. आठ जण माइकवर बोलतात, कुजबुजतात, ओरडतात, गातात, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि तिसऱ्या भागात मालरच्या एका सिम्फनीवर दुसऱ्या कितीतरी रचनांचे तुकडे तरंगत येतात. बाबा वीस सेकंदांनंतर म्हणाले, "स्टेशन लागत नाहीये." मी घाईने दुसऱ्या भागावर गेलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, हा भाग त्यांच्यासाठी आहे. त्यात त्यांचं नाव सरळ येत नाही. नुसते सुटे स्वर, सुटी अक्षरं, मध्येच वाद्यांचा एखादा ठोका, आणि हळूहळू ती अक्षरं एकमेकांजवळ सरकत शेवटी पूर्ण नाव होतं. मी हे आधी सांगितलं नाही. बाबांनी डोळे मिटून ऐकलं, शेवटपर्यंत. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "असंच असतं," म्हणाले, "तुम्ही सगळे जेवायला बसता तेव्हा. फक्त नाव शेवटी येत नाही." आणि हेडफोन ठेवून चहाला गेले. त्यानंतर बेरिओ मी लावलेला नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा मशीनवाल्यांकडे गेलो. यावेळी मी आलेख घेऊन भांडायच्या तयारीने गेलो होतो. तिथल्या मुलीने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, म्युझिकचा वेगळा प्रोग्रॅम असतो ना यात. तुमचा चालूच केलेला नाहीये." दीड वर्ष! त्या प्रोग्रॅममध्ये शिट्टी मारायची सोय बरीच ढिली करतात, आवाज दाबणंही कमी करतात. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण फॉर्मवर "कशासाठी वापरणार" या रकान्यात मीच "संभाषण" असं लिहिलं होतं. आपल्याला लागणाऱ्या गोष्टी रिक्वायरमेंटमध्ये न लिहिणाऱ्या क्लायंटांबद्दल मी याच जागी दोन लेख लिहिलेत. शोधू नका, काढून टाकतोय.

घरी येऊन बाबांनी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, काळी एक. बराच वेळ नुसते बसले. घसरगुंडी आहे तिथेच आहे, ती कुठल्या प्रोग्रॅमने सपाट होत नाही. "षड्ज बरा आहे," म्हणाले. "पंचम अजून मध्येच हलतो." पुन्हा ऐकलं. "खर्जाची तार मात्र आली."

सवाईचं अजून काही बोलणं नाही. मीही विचारलेलं नाही, डिसेंबरला वेळ आहे. माझा हेडफोन मात्र आता त्यांच्या खोलीत त्यांच्या चष्म्याशेजारी असतो. परवा रात्री अकराला पाणी प्यायला उठलो तर दाराखालून उजेड दिसला. आत डोकावलो. बाबा खुर्चीत, डोळे मिटलेले, डाव्या हाताने मांडीवर मात्रा मोजतायत आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात, अर्धी पट्टी मागून, सा रे ग म रे ग सा प. खालचा आवाज. वरचा कोणी म्हणत नव्हतं, तो हेडफोनच्या आत होता.

मी पाणी न पिताच परत आलो. सोमवारच्या स्टँडअपला लॅपटॉपच्या स्पीकरवरून बोललो, सगळ्यांना कुकरच्या शिट्ट्या ऐकू गेल्या. नवीन हेडफोन मागवलाय, बुधवारी येईल.